डॉक्टरांची फुलं

बाझलहून डोंगरातल्या गावाकडे निघालेल्या पिवळ्या पोस्टबसमध्ये बेआट मांडीवर फुलं घेऊन बसला होता. माणसाला भलतेच रंग दाखवणारं ते औषध शोधून पुढे शंभरी ओलांडलेल्या डॉक्टर शाऊबांच्या कबरीवर ती वाहायची होती. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“एल्सबेथ, डॉक्टर ते औषध घेऊन सायकलवर घरी गेले तो दिवस आज, म्हणजे पुन्हा ती सायकलवाली पोरं येतील गं, डॉक्टरांची कबर विचारत.”

“येऊ देत की.”

“अगं, पण पुरून पंचवीस वर्षं भरली तशी नियमाप्रमाणे गावानं सगळ्यांसारखी त्यांचीही कबर काढून टाकली. आता तिथे नुसतं गवत. पोरांना सांगतेस तरी काय?”

“काही सांगत नाही. आमच्या हान्सरुदीची दाखवते.”

“अगं बाई! तुझ्या दूधवाल्या नवऱ्याची?”

“दगडावर नुसतं ‘शाऊब’ आहे. निम्मं गाव शाऊब! एवढ्या लांबून आलेल्यांना काय गवत दाखवू?”

“धन्य आहे तुझी! बरं, तू घेतलंस का गं कधी ते औषध?”

“मागितलं होतं एकदा. डॉक्टर म्हणाले, आधी तुझ्या गाईंकडे नीट बघ.”

“मग?”

“बघितलं. अजून बघतेय.”

“आणि हान्सरुदी?”

“तो म्हणायचा, डॉक्टर शंभर वर्षं जगले ते माझ्या दुधावर. मग चार फुलं त्यालाही नकोत?”

बस थांबली. बेआट त्यांच्या मागोमाग उतरला.

“आजी, एक विचारू?”

“डॉक्टरांची कबर ना? चल, दाखवते.”

“नाही. दूधवाल्यांची.”