सरसाची गिटार

१४ मे १९७८, रविवार. सकाळपासून लू. आमच्या मधूने बहिणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, वाजवायला महाल भागातल्या गुलाबभाऊंकडून जुन्या धर्तीची गिटार करवून घेतली होती. ‘पांढरा गोंद नको, पूर्वीसारखा कातड्याचा सरसच लावा,’ हा हट्ट त्याचाच. मी दुकानात चहा घेत होतो, तेवढ्यात मधू आला. तारा धरणारी पट्टी गिटारीवरून उखडून त्याच्या हातात आली होती.

गुलाबभाऊंनी विचारलं, ‘उन्हात ठेवली काय गा?’

‘नाही भाऊ! नेल्यापासून कूलरसमोरच ठेवली, गरम होऊ नये म्हणून.’

‘अबे, सरस ओलीनंबी सुटते! त्याले कूलरची हवा काहून खाऊ घातली?’

‘आज वाजवता येईन?’

‘आज चिकटवतो. वाळन उद्या.’

संध्याकाळी गिटार दुकानात शिकंज्यात होती आणि मधू साक्षगंधाच्या मांडवात कूलरमध्ये पाणी टाकत होता.