बेचिराख

"काय हेर जोशी, राख सापडली का?" त्या उन्हाळ्यात जर्मन सहकाऱ्यांकडून हे मी रोज ऐकलं, आणि चूक माझीच होती. दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. मी म्युनिकला शिकत होतो आणि सुट्टीत एका मध्ययुगीन ओसाड गावाच्या उत्खननावर गेलो होतो. प्रोफेसरांनी विचारलं, "अशा गावाला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी ऐटीत सांगितलं, "बेचिराख. म्हणजे जळून राख झालेलं." पण खणताना चिमूटभरही राख निघेना. मग काय, सगळे माझी फिरकी घ्यायला लागले.

शेवटी वडिलांना लिहिलं. ते मामलेदार कचेरीत कारकून. उत्तर आलं, "गाढवा, राख कुठून आणलीस? मूळ शब्द बे-चिराग. ज्या गावात दिवा लागत नाही ते. माणसं उठून गेली, एवढंच."

जेवणाच्या सुट्टीत मी ते जर्मनमध्ये वाचून दाखवलं, गाढवासकट. सगळे खो खो हसले. आमचा स्वयंपाक करणाऱ्या इल्झेबाई तेवढ्या हसल्या नाहीत. युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेल्या जर्मनांबरोबर घरदार सोडून आलेल्या त्या. सूप वाढता वाढता म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. आमचंही गाव जळलं नव्हतं. निघताना दिवा मीच मालवला."