विहीणबाईंचा लाडू, माझा दात

पुन्हा सांगायला लावताय? अहो, दात माझा गेला, हसणार तुम्ही, आणि वर "दत्तोबा, सांगा ना, सांगा ना!" शरम वाटत नाही? बरं, ऐका. पण मधेच खिदळलात तर उठून जाईन!

तुम्हाला सांगतो, दोन हजार सहा साल, इथंच जर्मनीत, एर्लांगेनला, आमच्या सिद्धेशच्या घरी. सून बाळंत झालेली, म्हणून तिची आई पुण्याहून आलेली. माझ्या विहीणबाई, मालिनीबाई! बॅगेत काय, तर डिंक. लेकीला लाडू करायचे. करा की, कोण नको म्हणतंय? मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण डिंक कडकडीत तुपात लाहीसारखा फुलला पाहिजे, एवढं मलाही कळतं! ह्यांच्याकडे ती विजेची सपाट शेगडी, तूप तापायला वेळ लागतो, आणि बाईंना धीर कुठला? वरून फुललेला, आत खडा तो खडाच. आणि पहिला लाडू कुणाच्या पुढ्यात? माझ्या!

"घ्या हो व्याहीबुवा, एकच!"

"नको, आत्ताच जेवलोय."

"माझी शपथ आहे!"

आता शपथ घातल्यावर काय करतो माणूस? चावला. कडाड्! खडा शाबूत, माझा समोरचा दात फुटला! आणि बाई समोर उभ्या, पदराला हात पुसत, "कसा झालाय?" थुंकू कुठं? मुलीकडचं माणूस, त्यांच्या हातचा पहिला घास... गिळला! लाडवासकट दात गिळला, आणि वर म्हणालो, "फक्कड!" काय करणार, विहीणबाईंचा मान!

फक्कड ऐकल्यावर त्यांनी दुसरा वाढला.

सकाळी दवाखान्यात मी, सिद्धेश, आणि... विहीणबाई! ह्यांचं काय काम? तर म्हणे, "व्याह्यांना धीर द्यायला." डॉक्टरीण काहीतरी विचारते, सिद्धेश मला सांगतो, "बाबा, तुटलेला तुकडा आणलाय का? चिकटवता येतो का बघतील." तुकडा! आता तुकडा कुठवर पोचलाय ते ह्या बाईंसमोर सांगू? म्हटलं, "हरवला म्हणून सांग." मग विचारते, कशानं तुटला? मी सिद्धेशकडे बघतो, सिद्धेश सासूकडे बघतो, आणि ते गाढव म्हणतं, "वालनूस!"

"वालनूस म्हणजे काय रे?"

"अक्रोड, बाबा."

अक्रोड! मी! आयुष्यात दातांनी अक्रोड फोडला असेल तर शपथ! डॉक्टरीण माझ्याकडे बोट नाचवते, काय तर म्हणे अक्रोड फोडायला चिमटा मिळतो, आजोबा! आणि पाठीमागून विहीणबाई, "मी तरी म्हणते, ह्या वयात अक्रोड कशाला हवेत?" अहो बाई!! पण बोलतो कसा? तोंडात आरसा, तोंडात नळी, आणि काय करणार, विहीणबाईंचा मान!

फोटोत निघालं की मूळही उभं चिरलंय, उपटायलाच हवं. मग त्या जागी काय बसवायचं? तर ब्रिज. म्हणजे शेजारचे दोन चांगले दात कानशीनं घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या, मधे खोटा दात टांगायचा. म्हटलं, लाडू एकाला बाधला, सोलायचं शेजाऱ्यांना? हा कुठला न्याय? मग म्हणे, आकडे लावलेली काढती-घालती कवळी. जेवलात की काढा, धुवा, रात्री पेल्यात ठेवा. एका दातासाठी पेला! नाहीतर मग इम्प्लांट, जबड्याच्या हाडात स्क्रू, हाडानं तो धरेपर्यंत महिनोन् महिने थांबायचं, मग त्यावर दात. "स्क्रू? मी माणूस आहे का कपाट?"

"आल्झो बाबा, हाच सगळ्यात टिकाऊ."

"तुझं ते जर्मन 'आल्झो' गेलं खड्ड्यात! जबडा तुझा आहे का?"

तर मागून आवाज, "घ्या हो बसवून, व्याहीबुवा. माझं ऐका." आणि तुम्हाला सांगतो, मान हलवली मी! हलवली! विहीणबाईंचा मान!

दात उपटला, जागा भरू दिली, स्क्रू पिळला. मी तात्पुरत्या कवळीवर गावी गेलो, आणि पुढच्या वर्षी, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आलो तेव्हा दात चढला. डॉक्टरीण खूश, म्हणते, हाडानं स्क्रू काय धरलाय, असं हाड तरुणाचंसुद्धा नसतं! झालं, सिद्धेशनं ते वाढदिवसाला आलेल्या सगळ्या मराठी मंडळींसमोर सांगितलं. मी जरा छाती काढतोय, तोच विहीणबाई उठल्या...

"धरणारच! डिंकाचे लाडू खाल्लेत माझ्या हातचे!"

टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या! दोघीतिघींनी कृती विचारली. आणि माझ्याकडे वळून, "काय व्याहीबुवा, खरं की नाही?" त्या नव्याकोऱ्या दातासकट मी हसलो, आणि म्हणालो, "खरंय."

मला बाकी काही नको हो. डिंक कच्चा राहिला होता, एवढं एक वाक्य. सिद्धेशला मी सोडला, सासूपुढं कुणाचं चाललंय? डॉक्टरीणही सुटली, तिला काय माहीत? एकच माणूस राहिलंय माफी मागायचं, आणि ते मागणार नाही, मी हे जग सोडलं तरी तेराव्याला लाडू करून आणेल... मालिनीबाई!