भाच्यानं बसवलेली गॅसची टाकी

परक्यानं केलं असतं तर भांडलो तरी असतो बघा. माझ्या बहिणीचा पोरगा बाळू गाड्यांना गॅसची टाकी बसवतो. दुसरीकडं कशाला जायचं, म्हणून लेकानं आपली गाडी त्याच्याकडंच दिली. त्यानंतर मागच्या सीटवर बसली की माझी नात ओकायला लागली. सून म्हणायची, “गाडी लागती तिला.” पोरीला लिंबू हुंगायला द्यायचो. वास गॅसचा यायचा, पण घरच्या माणसाच्या कामाला नावं कोण ठेवणार?

शेवटी मीच डिकीतलं मॅट उचललं. टाकी नुसती तारेनं आवळलेली, हात लावला तरी हलत होती. पाइपच्या जोडाला साबणाचा फेस लावला, तर भराभरा बुडबुडे आले. बाळूला बोलावून दाखवलं.

तो हसला. “मामा, एवढं चालतंय की! काय हुत न्हाय.”

“बरं,” मी म्हणालो. “मग उद्या तुझ्या पोरीला मागं बसव आणि राधानगरीला फिरवून आण.”

त्याचं हसू गेलं.

“तिला कशाला, मामा?”