एक ट्यूब बदला

...नाही नाही, तुम्हाला हात नाही केला मी. माफ करा हं, सवय लागलीय. दर चार मिनिटांनी उजवा हात आपोआप वर जातो. परवा मुलुंड स्टेशनबाहेर असाच गेला, तर तीन रिक्षा थांबल्या, ज्या एरवी हातापाया पडलं तरी थांबत नाहीत! घरी रुक्मिणी म्हणते, ‘अवो, झोपेत कोणाक टाटा करतास?’ आता काय सांगू तिला? आणि हे सगळं कशापायी? माझं म्हणणं काय होतं? एक ट्यूब बदला. बस.

मी दशरथ परब. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छापखाना आहे. औषधाच्या खोक्यात तो घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो तुम्ही न वाचता फेकता, तो आम्ही छापतो. आणि तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा अख्ख्या जगात एकच माणूस आहे. मी. एकतीस वर्षं! पट्टी ठेवायची, ओळ वाचायची, मूळ प्रतीशी जुळवायची, पट्टी खाली सरकवायची. मजकूर चूक की बरोबर ते डॉक्टर बघतील, मजकुराला आपण हात लावायचा नाही, फक्त मूळ प्रतीत आहे तेच छापलंय का ते बघायचं आणि सही करायची. पाच मिलीचं पन्नास मिली झालं तर माणूस जाईल हो! म्हणून मी वाचताना हलत नाही. माशी बसली तरी हलत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तेवढी याच टेबलावर एकही चूक न करता काढायची, एवढीच इच्छा.

तर डोक्यावरची ट्यूब फडफडायला लागली. आमचा शिपाई राजाराम झाडूच्या दांड्यानं ठोकायचा, की तासभर नीट. पण ठोकून ठोकून किती दिवस? म्हणून गेलो विपुलशेठकडे. विपुलशेठ म्हणजे थोरल्या शेठचा मुलगा, लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून चिक्की खायचा, आता मालक आहे. म्हटलं, शेठ, एक ट्यूब बदला. तर तो खुर्चीत पुढे सरकला. ‘काका, ट्यूब कशाला? आपण सगळंच बदलू ना!’

तिथेच माझी वाट लागली.

पवईहून एक सुयोग नावाचा सल्लागार आला. काळा टी-शर्ट, हातात उजेड मोजायचं यंत्र. उजेड मोजतात, माहितीय तुम्हाला? मी एकतीस वर्षं डोळे मिचकावून मोजत होतो! तो प्रत्येक टेबलावर ते यंत्र ठेवायचा आणि कुणी वारल्यासारखी मान हलवायचा. मग भिंतीवर चित्रं दाखवली त्यानं. हा उजेड सकाळचा, हा कामाचा, हा मूडचा... मूडचा? आमच्याकडे मूड फक्त शेठला असतो. मी हात वर करून विचारलं, हे सगळं छानच आहे हो, पण माझी एक ट्यूब? तो म्हणाला, ‘सर, ट्यूब हा विचारच आता जुना झाला.’

महिनाभर छत उघडं. प्रूफावर प्लास्टर पडतंय, मी फुंकर मारून वाचतोय, स्वल्पविराम आहे की सिमेंट आहे कळत नाही... आणि मग एका सोमवारी दिवे लागले. झकास, खोटं का बोलू? सगळं दिसायला लागलं! जळमटं दिसली, कुणाचे केस रंगवलेले आहेत ते दिसलं, हिशेबातल्या नमिता मॅडम म्हणाल्या, ‘परबकाका, तुमचा हा शर्ट निळा आहे? मी आठ वर्षं राखाडी समजत होते.’ सगळे हसले. मीही हसलो. आणि टेबलावर जाऊन बसलो, पट्टी ठेवली, चार ओळी वाचल्या, पाचवीला... अंधार.

मला वाटलं, गेले डोळे. घाबरून उठलो, तर दिवा लागला. बसलो, वाचायला लागलो, गेला. उठलो, लागला. राजाराम म्हणाला, ‘साहेब, तुमच्यावर रुसलाय.’

सुयोगला फोन लावला. तर भानगड अशी, की त्यानं काम केलं ऑफिसच्या जुन्या नकाशावरून. आणि नकाशात माझा कोपरा म्हणजे रेकॉर्ड रूम. मांडण्या काढून तिथे माझं टेबल टाकलं, पण नकाशा कोण बदलणार? म्हणून सगळ्यांना कायमचे दिवे आणि मला गोदामातला. माणूस हलला तर लागतो, चार मिनिटं हलला नाही तर जातो, पट्टी सरकवणं, पेन चालवणं त्याच्या हिशेबात नाही. म्हटलं, अहो पण मी बसतो ना तिथे! तो म्हणाला, ‘हो सर, पण ड्रॉइंगमध्ये तुम्ही नाही आहात.’

मग शेठ, निदान टेबल हलवू? दुसरीकडे जागा नाही. घरून टेबललॅम्प आणू? वीजबचतीचा आकडा बिघडतो. ‘काका, टेन्शन घेऊ नका ना, आता या दिव्यांवरून मोबाइलवर कळतं कोणती जागा वापरात आहे, कोणती नाही. रिकामी टेबलं काढून टाकू, मग तुमचं बघू.’ माझं काय बघायचं? एक ट्यूब होती हो!

तेव्हापासून हे असं. चार ओळी, हात. चार ओळी, हात. समोरच्या खिडकीतल्या बाईंनी पडदा लावून घेतला. काय समजल्या असतील!

आणि गेल्या आठवड्यात आमच्याकडेच छापायला आली पुस्तिका, ‘आमचा उजेड, आमची बचत’. गिऱ्हाइकांना वाटायची. प्रूफ कुणाकडे येणार? पट्टी ठेवली. पान सात. जागा क्रमांक बारा. म्हणजे मी. ‘सदर जागेवर तीन महिने सलग वावर आढळला नाही. दर चार मिनिटांनी किरकोळ हालचाल आढळते, बहुधा उंदीर. सापळा लावावा. टेबल काढून टाकावे.’

दोनदा वाचलं. मूळ प्रत काढली, त्यावर विपुलशेठची सही. ज्यानं माझ्या टेबलाखाली चिक्की खाल्ली, त्याची. वाचून केली की न वाचता, देव जाणे, आमच्याकडे पूर्ण वाचणारा मी एकटाच. खूप वाईट वाटलं हो. वाटलं, त्या ‘उंदीर’वर काट मारावी आणि वर लिहावं, दशरथ परब, वय छप्पन्न. पेनाचं टोपणसुद्धा काढलं. पण मजकुराला हात लावायचा नाही, एकतीस वर्षं लावला नाही. मग अक्षर न् अक्षर जुळवलं. जुळत होतं. खाली लिहिलं, ‘तपासले. चूक नाही.’ सही केली, आणि दिवा गेला.

या वेळी मी हात वर केला नाही. कशाला करू? तिथे कुणी बसतच नाही.