उजवी बाजू सैल करा

नमस्कार नंतर करते. आधी तक्रार.

मघाशी मानपत्र वाचलं. चार पानं. त्यात डॉक्टरांचे हात आले, त्यांची पदकं आली, त्यांची शिस्तही आली. 'जांघ' हा शब्द मात्र कुठेच नाही! लिहिणाऱ्याला लाज वाटली असणार. याच लाजेपायी माझा नवरा मरता मरता वाचला, म्हणून तो शब्द मीच आधी बोलून घेते.

आता रीतसर. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, निरोप घेणारे आपले मोठे डॉक्टर, त्यांच्या जागी आलेले नवे डॉक्टर, सिस्टर मंडळी आणि मागच्या रांगेत कुठे बसलीत कळू नये अशा बेताने बसलेली माझी जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांना नमस्कार.

मी कोण? वॉर्डाच्या टोकाला चादरी ठेवायची खोली होती, तिथली शिवणवाली. तिसरीपर्यंत शिकले. एकच खिडकी, पायाचं मशीन, आणि पत्र्याचं कपाट, लाथ मारल्याशिवाय न उघडणारं. डॉक्टर पहिल्यांदा आले ते फाटकी बाही घेऊन. म्हटलं, "माणसांची पोटं शिवता, आणि बाही शिवता येत नाही होय?" हसले. माणूस बरा आहे, हे मला तेव्हाच कळलं. आता हसताहेत ना, अगदी तसेच.

आमचे हे इथेच पाण्याचा पंप सांभाळायचे. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, कॅन्सर गेला, आम्ही सुटलो म्हटलं. आठेक महिन्यांनी ह्यांचा उजवा हात खिशातून निघेना. जेवायला बसले तरी डावा हात ताटाला लावायची वेळ. मी विचारलं, "खिशात काय पुरलंय?" तर म्हणे, "काही नाही गं. विजार जरा उजवीकडे सैल कर." केली सैल. मूर्ख मी! एका दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि ह्यांनी एकदाचा हात काढला. जांघेत लिंबाएवढा फुगवटा, दगडासारखा. हर्निया. आतडं अडकलं होतं. डॉक्टर ताटावरून उठून आले म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत. "एक आजार काढलात, हा दुसरा कुठून घातलात?"

"मावशी, होतो काहींना. त्याचा याच्याशी..."

"काहींना म्हणजे किती? जरा माझ्या खोलीवर चला."

कापायच्या टेबलावर मी पाच विजारी ओळीने पसरल्या. पाचही एका बाजूने सैल करायला आलेल्या, पाचही माणसं डॉक्टरांच्याच हातून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेली. डॉक्टरांनी एकेक विजार उचलून पाहिली. मग म्हणाले, "माझ्याकडे यातला एकही आला नाही."

"तुमच्यासमोर विजार उतरवायला लागते. माझ्याकडे नुसती पाठवली की झालं."

दुसरा कुणी असता तर माझी बदली केली असती. डॉक्टरांनी पुस्तकं काढली, बाहेरच्या सर्जनांना विचारलं. मग येऊन मला समजेल असं सांगितलं. पोटाच्या आतल्या अस्तराची एक चिंचोळी पिशवी कधीकधी जांघेच्या वाटेत शिरलेली असते. प्रोस्टेट काढताना तिथे पोचलेलोच असतो, तेव्हाच ती सोडवून बांधून टाकायची. थोडीच मिनिटं जास्त. मी म्हटलं, "एका जागी कापड ओढलं की शेजारची शिवण उसवते, हे आम्ही शिवायच्या आधीच बघतो." तेव्हापासून ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाला उभं करून खोकायला लावायचे, खोकताना जांघेत फुगवटा येतो का ते दोन्ही बाजूंना तपासायचे. हर्निया आधीच असला तर त्याच वेळी दुरुस्त करायचे. आणि घरी जाताना बायकोसमोर बजावायचे, "फुगवटा दिसला तर लाजू नका, या."

विजारी यायच्या थांबल्या का? थांबल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. पण कमी झाल्या. फार कमी. आमचे हे पुढे बारा वर्षं जगले आणि म्हातारे होऊन गेले, दोन्ही हात मोकळे ठेवून. ती खोली आता औषधांची झाली. मशीन कुठे गेलं देव जाणे. कपाट आहे अजून, लाथेची खूणही आहे. परवा हात लावून आले.

डॉक्टर, तुम्ही एका शिवणवालीचं ऐकलंत. एवढंच तुमचं मानपत्र. आभार मानते. बोलण्यात टोचलं असेल तर सुई आयुष्यभर हातात होती, तिला दोष द्या आणि मला माफ करा.

पण बसत नाही अजून. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या दिराचं हेच ऑपरेशन आहे. पोरासारखा वाढवलाय मी त्याला. ते नवे डॉक्टर करणार. गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, ती पिशवी बघणार ना? म्हणाले, "बघू."

'बघू' हे उत्तर नव्हे. मोठे डॉक्टर, तुम्ही बसून राहा, सवय करा. अध्यक्षांनी मध्ये पडू नये. नवे डॉक्टर, उत्तर तुम्ही द्यायचंय. सगळ्यांसमोर, उभं राहून.

आणि खोकू नका. बोला.