आधी 'ए', मग 'बी'

परवाचं सांगतो, थोडी फुशारकी चालवून घ्या. बसगोंडा माझा जुना विद्यार्थी, उद्यमनगरात त्याचं मशीन शॉप आहे. त्याचा फोन आला, "सर, लगेच या. पुण्याचा इन्स्पेक्टर आख्खा लॉट रिजेक्ट करालाय. दोनशे जॉब भंगार म्हणून भट्टीत जाणार की ओ!"

गेलो. टेबलावर त्यातलाच एक जॉब, बेअरिंगचं हाउसिंग होतं, शेजारी ड्रॉइंग. इन्स्पेक्टर म्हणाले, "भोक जागेवर नाही. तीनदा मोजलंय."

ड्रॉइंग पाहिलं. भोकाच्या मापाच्या चौकटीत डेटम, म्हणजे मोजायचा आधार, 'ए' आधी लिहिला होता, 'बी' नंतर. म्हणजे जॉब आधी 'ए' बाजूवर टेकवायचा, मग 'बी' बाजू भिडवायची आणि तिथून मोजायचं. यांनी तर तो थेट 'बी'वर बसवला होता. पण माझंच चुकत असलं तर? चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"साहेब, 'बी'वर का बसवलात?"

"ती बाजू मोठी आहे, सर. जॉब डुगडुगत नाही."

"डुगडुगला तर धरा. ड्रॉइंगमध्ये 'ए' पहिला आहे."

त्यांनी तोंड वाकडं करत जॉब 'ए'वर टेकवला आणि पुन्हा मोजलं. मग दुसरा घेतला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत सगळे दोनशे मोजून झाले.

"सगळे पास," ते म्हणाले आणि सही केली.

बसगोंडानं मला मिठीच मारली. "सर, जन्मभर हेच शिकिवलासा, मग मघाशी चष्मा पुसून पुन्हा का वाचलासा?"

म्हटलं, "बाबा, फळ्यावर चुकलं तर पुसता येतं."